‘ही माझी केस नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

सहव्यवसायी डॉक्टरांनो,

लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती दारात उभी राहिली की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडून दोन वाक्यं निघतात. ‘ही पोलीस केस आहे’ आणि ‘यांना मोठ्या हॉस्पिटलला न्या’. नियमाने पाहिलं तर दोन्हीत चूक नसेलही. पण ती बोलून आपण हात झटकतो आणि त्या पेशंटचे पुढचे कित्येक तास कागदांत आणि रांगांत जातात. गर्भधारणा टाळता येते ती याच तासांत. एचआयव्हीची लागण रोखता येते तीही याच तासांत. गळा आवळल्याने मानेतल्या रक्तवाहिनीला झालेली इजा वेळेवर कळली तर जीव वाचतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. हे पत्र फॅमिली डॉक्टरांसाठी आहे, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि माझ्या शाखेतल्या डॉक्टरांसाठी आहे. त्वचारोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि दंतवैद्यांनीही ते आपल्यासाठी नाही असं समजू नये. मला एकच म्हणायचं आहे. या विषयाकडे आपण पुराव्याचं काम म्हणून पाहतो, त्यामुळे एक तर पळ काढतो, नाही तर न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. ते आधी उपचारांचं काम आहे. निकाल देणं आपल्याकडे नाहीच, आणि तो द्यायला गेलो की आपण वाईट डॉक्टर होतो.

‘माझ्याकडे अशा केसेस येत नाहीत’ असं वाटणाऱ्यांसाठी युनिसेफने २०२४ मध्ये दिलेला अंदाज सांगते. आज हयात असलेल्या मुली आणि स्त्रियांपैकी ३७ कोटींहून अधिक जणींवर, म्हणजे साधारण आठातल्या एकीवर, वयाच्या १८ वर्षांआधी बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला आहे. मुलगे आणि पुरुषांमध्ये हा आकडा २४ ते ३१ कोटी, म्हणजे अकरातला एक. आता आपली एका दिवसाची ओपीडी मोजा. केसेस येतात. त्या पोटदुखी म्हणून येतात, लघवीची जळजळ म्हणून येतात, झोप लागत नाही म्हणून येतात, आणि गोळ्या घेऊन परत जातात.

सगळ्यात जास्त नुकसान ज्या गैरसमजाने केलं आहे, तो आधी घेते. अत्याचार झाला असेल तर तपासणीत खूण दिसेल, असं आपण धरून चालतो. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अत्याचाराच्या शंकेवरून तपासल्या गेलेल्या २,३८४ मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. तपासणीत काही वावगं दिसलं ते जेमतेम ४ टक्के मुलांत. २००४ मधला दुसरा अभ्यास लहान आहे, पण तो वाचल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. अत्याचाराच्या संशयावरून तपासलेल्या ३६ गरोदर किशोरवयीन मुलींमध्ये आत प्रवेश झाल्याची निश्चित खूण सापडली फक्त दोघींच्या अंगावर. मुलगी गरोदर आहे, तरी तपासणी म्हणते की सगळं ठीक.

याचं कारण शरीरशास्त्रात आहे आणि ते आपण पहिल्या वर्षाला शिकलेलोही असतो. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे योनिपटल जाड, मऊ आणि ताणलं जाणारं होतं. ते पडद्यासारखं बंद नसतंच. मुळात त्याला मधे वाट असते, त्याचे आकार व्यक्तीगणिक वेगळे असतात आणि ‘पहिल्या वेळी फाटतं’ ही ऐकीव गोष्ट आहे. इजा झालीच तरी ही श्लेष्मल त्वचा काही दिवसांत भरून येते, बहुतेक वेळा व्रणही न ठेवता. बरेचसे अत्याचार असे असतात की त्यात जखम व्हायचं कारणच नाही: हात लावणं, घासणं, तोंडाने करायला लावणं, फोटो काढणं, दुसऱ्याचं बघायला लावणं. शिवाय मूल सांगतं तेव्हा घटनेला कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं उलटलेली असतात.

तरीही आपल्या रिपोर्टांत काय लिहिलं जातं? ‘अत्याचाराच्या खुणा नाहीत.’ ‘योनिपटल शाबूत.’ ‘शरीरसंबंधाची सवय असावी.’ पहिली दोन वाक्यं अर्धवट आहेत, तिसरं निव्वळ बेजबाबदार. योनिमार्गात बोटं घालून ‘सवय’ ठरवण्याच्या परीक्षेला कोणताही शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आणि महिलाविषयक संस्थांनी कौमार्य चाचणी बंद करा असं एकत्रितपणे बजावलं. ती चाचणी काही सिद्ध करत नाही आणि ती स्वतःच एक इजा असते. जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्या शरीरात परवानगीशिवाय पुन्हा बोटं जातात, फरक इतकाच की या वेळी हातमोजे घातलेले असतात. हे वाचताना कुणाला राग आला तर येऊ दे.

मग लिहायचं काय? जे दिसलं ते लिहा, जे दिसलं नाही तेही लिहा आणि त्यापुढे हे जोडा: ‘तपासणीत इजा आढळली नाही. अशा घटनांनंतर बहुतांश वेळा इजा आढळत नाही. त्यामुळे केवळ या तपासणीवरून अत्याचार झाला किंवा झाला नाही, असे सांगता येत नाही.’ एवढी चार ओळींची भर पडली तर पुढे न्यायालयात तुमच्या रिपोर्टाचा अर्थ कुणी वाकवू शकत नाही. पेशंट जे बोलली ते तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत उतरवा. मुलाने अवयवाला घरातलं लाडाचं नाव वापरलं असेल तर तेच नाव लिहा, ते सभ्य करू नका. ‘तथाकथित’ हा शब्द केस पेपरवरून काढून टाका. पोट दुखतं म्हणणाऱ्याच्या कागदावर आपण ‘तथाकथित पोटदुखी’ लिहीत नाही.

याच्या उलट बाजूलाही खड्डा आहे, तोही दाखवते. १९८७ मध्ये इंग्लंडच्या क्लीव्हलंड भागात काही महिन्यांत शंभराहून अधिक मुलांवर लैंगिक अत्याचाराचं निदान झालं आणि त्यातल्या अनेकांना घरातून हलवण्यात आलं. बऱ्याच मुलांच्या निदानात भर होता गुदद्वार तपासताना स्नायू आपोआप सैल होण्याच्या एका खुणेवर. पुढे न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला आणि या एका खुणेवरून निदान करता येत नाही हे स्पष्ट झालं. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांतही ती दिसू शकते. त्या मुलांपैकी काहींवर अत्याचार झालाही असेल. खुणेवरून ते ठरवता येत नव्हतं, इतकंच.

म्हणून खुणा शोधत बसलेला डॉक्टर दोन्हीकडे चुकतो. लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकारात मुलीच्या गुप्तांगाभोवतीची त्वचा पांढरी, पातळ होते, खाजवल्याने रक्ताळते आणि पाहणाऱ्याला ती मारहाण वाटते. मूत्रमार्गाचं अस्तर बाहेर आलेलं असेल तर रक्तस्राव बघून घाबरायला होतं. स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाने गुदद्वाराभोवती लालभडक होतं. सायकलच्या दांड्यावर पडून झालेली इजा सहसा पुढच्या आणि बाहेरच्या भागावर असते. हे सगळे विकार माहीत असणं हाच निरपराध माणसावरचा आळ टाळायचा मार्ग आहे.

काही गोष्टी मात्र वजनदार असतात. वयात न आलेल्या मुलात गनोरिया किंवा सिफिलिस यांसारखा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार सापडला, जन्माच्या वेळी आईकडून आलेला नाही हे नक्की असलं, तर लैंगिक अत्याचाराचा विचार करावाच लागतो. एचआयव्हीचंही तसंच, रक्त किंवा सुईमार्गे आला नसेल तर. क्लॅमिडिया मात्र जन्माच्या वेळी लागून दोन-तीन वर्षांपर्यंत टिकू शकतो. जननेंद्रियावरच्या चामखिळी आणि हर्पिस यांवरून एकट्याने काहीच ठरत नाही, चौकशी जरूर करावी.

मग ओळखायचं कशावरून? बहुतेक वेळा मूल किंवा मोठी व्यक्ती जे सांगते त्यावरून. आपण सांगायला जागा ठेवली तर. बाकीची लक्षणं इशारे आहेत, त्यातलं एकही एकटं पुरावा नाही. लघवीवर ताबा आलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, कपड्यांत शी व्हायला लागते. एका विशिष्ट व्यक्तीकडे जायचं म्हटलं की रडारड. वयाला न शोभणारी लैंगिक माहिती, किंवा दुसऱ्या मुलावर जबरदस्तीने तेच खेळणं. मोठ्या मुलांत घर सोडून जाणं, हातावर कापून घेणं, खाणं सोडणं किंवा बेसुमार खाणं, अचानक घसरलेला अभ्यास. मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षांचं ओटीपोटाचं दुखणं, सगळे रिपोर्ट चांगले असूनही. आतली तपासणी म्हटलं की आखडून जाणं. दंतवैद्याच्या खुर्चीत आडवं पडून तोंड उघडता न येणं. दातांच्या भीतीमागे कधी कधी दात नसतात.

दोन गटांकडे आपण बघतच नाही. एक मुलगे आणि पुरुष. त्यांच्यापैकी काहींना अत्याचाराच्या वेळी शरीराने प्रतिसाद दिल्याची लाज आयुष्यभर छळते. ताठरता किंवा वीर्यस्खलन ही मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. दुसरा गट अपंग आणि परावलंबी व्यक्तींचा, ज्यांना अंघोळ घालणारा, उचलणारा माणूसच संशयित असू शकतो. बोलता न येणाऱ्या तरुणीच्या मांड्यांवरचे वळ ‘पडली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न कायमचा विसरा. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठून गेल्याचं सांगितलं, ४८ टक्के जणींमध्ये तर हे टोकाचं होतं. हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ज्यांचं शरीर असं गोठलं होतं त्यांच्यात पुढे मानसिक आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य जास्त आढळलं. म्हणजे ज्यांना आपण ‘प्रतिकार केला नाही’ म्हणून संशयाने बघतो, नेमक्या त्याच जास्त आजारी पडतात.

विचारायचं कसं, याला फार कला लागत नाही. खाजगीपणा मात्र लागतो. सोबत आलेल्या व्यक्तीला बाहेर बसवा. ‘मी सगळ्याच पेशंटशी थोडा वेळ एकट्याने बोलते’ असं सांगितलं की कुणाला वावगं वाटत नाही, आणि हे खरंच सगळ्यांच्या बाबतीत करा. सोबत आलेला माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत असेल तर अधिक सावध व्हा. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, विश्वासातला असतो आणि कधी कधी तोच पेशंटला घेऊन आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना काही प्रत्येकाला छापील फॉर्मवरून सरसकट विचारा असं म्हणत नाही. तक्रार आणि कारण जुळत नसेल तिथे विचारा, एकांत आणि पुढच्या मदतीची सोय असताना विचारा, असं तिचं म्हणणं आहे.

मुलांना मोकळे प्रश्न विचारा. ‘काय झालं ते सांगतोस?’ आणि मग ‘अजून?’. ‘काकांनी इथे हात लावला ना?’ असं विचारलंत की उत्तर तुमचं झालं, मुलाचं राहिलं नाही. उपचारांना आवश्यक तेवढंच विचारा आणि थांबा. तपशीलवार मुलाखत प्रशिक्षित माणसाने, शक्यतो एकदाच घ्यावी. पाच जणांनी पाच वेळा विचारलं तर मुलाला वाटतं की आपण खोटं बोलतोय असं यांना वाटतंय. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांच्या बाबतीत कळवण्याची सक्ती बहुतेक देशांत कायद्याने आहे, मोठ्यांच्या बाबतीत नियम वेगवेगळे आहेत. आपल्याला लागू असलेला नियम आधीच वाचून ठेवा, आणि ‘हे मला अमुक व्यक्तीला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन’ असं खरं सांगा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही.’ ही दोन वाक्यं औषधाइतकीच महत्त्वाची आहेत, आणि ती अत्याचार झाला हे सिद्ध होण्याची वाट बघत नाहीत. मुलाचा शब्द खरा मानून उपचार करणं हा निकाल नव्हे. छातीत दुखतं म्हणणाऱ्याचा आपण आधी ईसीजी काढतो, साक्षीदार मागत नाही.

आता पहिले तास. हा भाग सविस्तर लिहिते, कारण गोंधळ इथेच होतो.

जीवाला धोका आहे का ते आधी. रक्तस्राव, डोक्याची इजा, पोटातली इजा. आणि गळा. ‘गळा दाबला होता का?’ हे प्रत्येकीला, प्रत्येकाला विचारा, कारण विचारल्याशिवाय ते सांगितलं जात नाही आणि मानेवर वळ नसतानाही मानेच्या रोहिणीचं अस्तर फाटलेलं असू शकतं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके, शुद्ध हरपणं, त्या वेळी कपड्यांत लघवी होणं, यातलं काहीही असलं तर मानेच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायचा विचार करा. ‘दिसायला ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नका.

मग परवानगी. तपासणीची, स्वॅबची, फोटोंची, पोलिसांना माहिती देण्याची, प्रत्येकाची वेगळी. पेशंट यातल्या एकाला हो म्हणू शकते, दुसऱ्याला नाही. मधेच ‘थांबा’ म्हणाली तर थांबायचं. ज्या शरीरावरचा ताबा कुणीतरी हिसकावून घेतला होता, त्याच्याबाबत ‘नाही’ म्हणता येणं हीच सावरण्याची सुरुवात असते. तपासणीला नकार दिला तरी उपचार मिळालेच पाहिजेत, तक्रार नोंदवली नाही तरी मिळालेच पाहिजेत.

औषधं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची. पहिला डोस रिपोर्टसाठी अडवून धरू नका. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत देता येतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमचा एकच डोस, पण तासागणिक त्याचा उपयोग कमी होत जातो. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम नंतरच्या दिवसांत अधिक चांगलं काम करतं. सगळ्यात खात्रीची तांबी, तीही पाच दिवसांच्या आत, पेशंटची तयारी असेल तर. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा द्या. पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीला विचारा, तिचं वय बघून कचरू नका. गनोरिया आणि क्लॅमिडियावर प्रतिबंधक उपचार. आधी घेतली नसेल तर हेपटायटिस बीची लस, जखम असेल तर धनुर्वाताची, आणि नऊ वर्षांपुढच्यांना एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूविरुद्धची. सिफिलिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या त्या दिवशी, नंतर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. गर्भ राहिलाच तर गर्भपाताची माहिती कायद्याच्या चौकटीत, उपदेश न करता.

वयात न आलेल्या मुलीची तपासणी बहुतेक वेळा बाहेरूनच, चांगल्या प्रकाशात, योनीचे ओठ हलकेच बाजूला करून होते. तिला स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून बघायचं उपकरण, लावायचं नसतं. आतून रक्त येत असेल आणि बघणं भागच असेल तर भूल देऊन. घटनेला बरेच दिवस उलटले असतील, दुखत नसेल, घर सुरक्षित असेल, तर रात्री दोन वाजता अननुभवी हातांनी तपासण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जाणकार हातांनी तपासणं बरं.

नमुन्यांबाबत लोकांना सांगा की शक्य असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता या. पण अंघोळ झाली असेल तरी या, कारण औषधांना त्याने काही फरक पडत नाही. कपडे कागदी पिशवीत, सुकवून, प्रत्येक कपडा वेगळा. प्लॅस्टिकमध्ये ओलसरपणा राहतो आणि डीएनए कुजतो. लहान मुलांच्या बाबतीत २४ तासांनंतर अंगावरच्या स्वॅबमध्ये क्वचितच काही मिळतं, त्यांच्या चड्डीत आणि चादरीत मात्र सापडू शकतं. ती मागून घ्यायचं आपण विसरतो. गुंगीचं काही पाजल्याची शंका असेल तर पहिली लघवी जपून ठेवा. जीएचबीसारखं गुंगीचं द्रव्य साधारण बारा तासांत लघवीतून नाहीसं होतं.

मनाचं काय? १९७४ मध्ये बॉस्टनच्या एका हॉस्पिटलात ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतरच्या मानसिक प्रतिक्रियांचं पद्धतशीर वर्णन केलं. काही स्त्रिया रडत, थरथरत येत. तितक्याच स्त्रिया शांत, सावरलेल्या दिसत. शांत दिसणारीवर अविश्वास दाखवणं तेव्हापासून अज्ञानच ठरतं. पहिल्या महिन्यात झोपेच्या आणि भीतीच्या तक्रारींवर बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या लिहून मोकळं होऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला त्याविरुद्ध आहे. ‘सगळं एकदा बोलून टाक’ म्हणून एका बैठकीत सगळं उकरून काढणंही उपयोगाचं नाही. आत्महत्येचे विचार आहेत का ते विचारा, पुन्हा बोलवा, स्वतःहून फोन करा. त्रास महिन्यापलीकडे टिकला तर आघातावर केंद्रित वर्तणूक उपचारपद्धती आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी मानसोपचार पद्धत) यांना भक्कम आधार आहे. मुलांच्या बाबतीत आणखी एक औषध आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवणारा आई-बाप. त्या आईलाही आपल्याकडून वेळ हवा असतो. तिची झोपही उडालेली असते आणि ‘मला कसं कळलं नाही’ हे ती मनात हजार वेळा घोळवत असते.

प्रतिबंधाबद्दल मला थोडं कडवट बोलायचं आहे. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून आपण समाधान मानतो. मुलांना अवयवांची खरी नावं शिकवावीत, नाही म्हणायला शिकवावं, सांगायला माणूस दाखवावा, हे हवंच. पण पाच वर्षांच्या मुलाने ओळखीच्या मोठ्या माणसाला अडवावं ही अपेक्षा ठेवणं म्हणजे मोठ्यांनी आपलं काम पोरांवर ढकलणं आहे. शिवाय अत्याचाराचा प्रत्येक स्पर्श शरीराला वाईटच वाटतो असंही नाही, आणि मग मूल स्वतःला दोषी धरतं. ‘गुप्त ठेव’ म्हणणारा कोणताही मोठा माणूस संशयास्पद, ही शिकवण जास्त उपयोगाची. लसीकरणाच्या भेटीत दोन मिनिटं यासाठी देता येतात. मुलाचे कपडे वर करण्याआधी ‘पोट बघू का?’ असं विचारण्यात तर दोन सेकंदही लागत नाहीत, आणि तेवढ्यात मुलाला कळतं की आपल्या अंगाला हात लावायला डॉक्टरलाही विचारावं लागतं.

आपलं घरही झाडून घ्यायला हवं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने ‘उपचार’ या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले, काही वेळा पालक खोलीत असताना. तक्रारी येत राहिल्या आणि ज्येष्ठ मंडळी ‘ही वैद्यकीय प्रक्रिया आहे’ म्हणत राहिली. २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणी बोलल्या. नाजूक तपासणीच्या वेळी पेशंटच्या पसंतीची तिसरी व्यक्ती खोलीत असणं, काय करतोय आणि कशासाठी ते आधी सांगणं, आणि तक्रार ऐकणारा माणूस त्या डॉक्टरचा मित्र नसणं, हे आपण आपल्याच संघटनांकडून सक्तीचं करून घ्यायला हवं. आपल्या सहकाऱ्याबद्दल कुजबूज कानावर आली तर ‘तो तसा नाही’ हे आपलं निदान कोणत्या तपासणीवर आधारलेलं असतं?

एक अप्रिय विषय राहिला. लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ वाटते पण ज्यांनी अजून काही केलेलं नाही, अशी माणसंही पेशंट म्हणून आपल्याकडे येऊ शकतात. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ मध्ये त्यांच्यासाठी गोपनीय उपचारांचा प्रकल्प सुरू केला. त्याचे परिणाम किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी असा माणूस मदत मागायला आला तर त्याला हाकलून लावल्याने एकही मूल सुरक्षित होत नाही, हे मला पटलेलं आहे. दुसऱ्या मुलाला त्रास देणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर उपचार बरेच आशादायक असतात. त्यांच्यावर राक्षस म्हणून शिक्का मारायची घाई नको.

एवढं वाचून झालं असेल तर आपल्या कॅज्युअल्टीतल्या किंवा दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाशी जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचा निदान सुरुवातीचा साठा आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना? तातडीचं गर्भनिरोधक? कागदी पिशव्या, निर्जंतुक स्वॅब, रिपोर्टाचा नमुना, गुप्तांगाच्या नोंदीसाठी छापील आकृती? पेशंटचे कपडे ठेवून घेतले तर तिला घरी घालून जायला एक स्वच्छ जोड? हे सगळं एका खोक्यात ठेवा आणि खोक्यावर जवळच्या समुपदेशकाचा, बालकल्याण यंत्रणेचा आणि अशा तपासणीत अनुभवी असलेल्या एका सहकाऱ्याचा नंबर लिहा. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला ते खोकं कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी दाखवा.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ